नीती मांडवापुरती

जुन्नर-आंबेगावच्या कोणत्याही गावात एखाद्या घराची अब्रू जायला फार काही घडावे लागत नाही. त्या घरची मुलगी चाकणला किंवा हिंजवडीला नोकरीला असावी, तिच्या खोलीवर गावच्या कुणा ओळखीच्या माणसाला एक मुलगा दिसावा, आणि ती बातमी त्याने संध्याकाळी दूध डेअरीच्या ओट्यावर सांगावी, एवढे पुरते. दुसऱ्या दिवशी तिचा बाप मान खाली घालून डेअरीत दूध घालतो. चार दिवसांनी भावकीतला एखादा जाणता घरी येतो, चहा घेतो आणि 'कानावर येतंय ते खरं का?' असे हळूच विचारतो. धाकटीची जवळजवळ ठरलेली सोयरीक पत्रिकेचे निमित्त काढून मोडली जाते. मुलगी सज्ञान आहे का, ती सुखात आहे का, तो मुलगा तिच्याशी माणसासारखा वागतो का, हे मात्र कुणी विचारत नाही. त्यांनी लग्न केले आहे का, एवढाच आपला प्रश्न असतो, आणि तो आपण नीतीच्या नावाने विचारतो. ही नीती आपल्याकडे कुठून आली, तिने आजवर कुणाला सांभाळले आणि कुणाचा बळी दिला, याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे. तो मांडणारा मी कुणी तिऱ्हाईत नव्हे; त्याच भावकीच्या बैठकांत आणि त्याच पंगतींत मीही बसत आलो आहे.

लग्नावाचून एकत्र राहणे हे शहरातून आणि सिनेमातून आलेले नवे खूळ आहे, असे आपण छातीठोकपणे सांगतो. हे आपण स्वतःला सांगितलेले सर्वांत मोठे असत्य आहे. वाड्यात लग्नाची बायको आणि मळ्यातल्या खोपीत दुसरी, ही व्यवस्था आपल्या आज्यापणज्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिली आणि तिला नावे ठेवण्याऐवजी त्या पुरुषाला तालेवार म्हटले. कुकडीचे पाणी आले, ऊस आणि द्राक्षे आली, हातात पैसा खेळू लागला, तरी ही रीत गेली नाही. फक्त मळ्यातली खोप जाऊन तालुक्याच्या गावात भाड्याची खोली आली. त्या बाईला धान्य कुठून जाते, तिच्या मुलांची फी कोण भरतो, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. तिच्या दारावरून जाताना आपण नजर वळवतो. त्या पुरुषाला मात्र सोसायटीच्या निवडणुकीत मत देतो, हरिनाम सप्ताहात त्याच्या हस्ते कीर्तनकाराचा सत्कार करतो. तो मेला की दहाव्याच्या घाटावर तिला उभेही राहू देत नाही. आयुष्याची तीस वर्षे ज्याची चूल पेटती ठेवली त्याच्या सातबाऱ्यावर तिचे नाव नसते, पिंडाला तिच्या मुलाचा हात लागत नसतो. लग्नाशिवायच्या सहजीवनाचा आपल्याला इतकाच जर तिटकारा असता, तर हे सारे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या डोळ्यांदेखत कसे चालले असते?

नारायणगावचेच पाहा. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेसाठी सुपारी ठरवायला येतात. राहुटीत सतरंजीवर बसून घासाघीस चालते: किती बाया आहेत, कोण कोण नाचणार, वगनाट्य कोणते, रात्र किती वाजेपर्यंत. ज्यांच्या घरात मुलीच्या मोबाइलवर पहारा असतो तेच हे सौदे करतात, आणि देवाच्या नावाने करतात. याच गावाचे नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांनी देशभर नेले. 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. त्यांची एक गोष्ट आपण अभिमानाने सांगतो: दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पोट आवळून पुन्हा लोकांपुढे उभ्या राहिल्या. कलेवरची निष्ठा म्हणून ही गोष्ट व्याख्यानांत येते, स्मरणिकांत छापली जाते. परंतु दिवस भरलेल्या बाईला नाचावे का लागले, आणि तंबूत बसून तिला परत बोलावणारे ते लोक कोण होते, हे त्या स्मरणिकांत नसते. ते लोक आपणच होतो. तिच्या वेदनेला आपण निष्ठा म्हटले, कारण तसे म्हटले की आपल्या शिट्ट्यांचा हिशेब द्यावा लागत नाही. आज तिच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते आणि तो योग्यच आहे. मात्र फडातल्या मुलीला सून म्हणून घरात घ्यायला आपल्यातले किती जण तयार होतील? आणि फडातल्या बाईच्या पोराला शाळेत पहिला प्रश्न कोणता विचारला जात असे, तर बापाचे नाव. त्याचा बाप अनेकदा आपल्याच एखाद्या गावात, आपल्याच एखाद्या चांगल्या घरात सुखाने जेवत असे. 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आईचे नाव आधी लावण्याचा नियम राज्याने केला. कागद सुधारला. डेअरीचा ओटा अजून तिथेच आहे.

आणि ज्या परंपरेच्या नावाने आपण बोलतो ती तरी आपल्याला नीट ठाऊक आहे का? कुणब्या-मराठ्यांत, माळ्यांत, कोळ्यांत विधवेचा आणि सोडचिठ्ठी मिळालेल्या बाईचा पाट लागत असे. त्याला वाजंत्री नसे, मंगलाष्टके नसत; तो बहुधा रात्रीच्या वेळी, चारसहा माणसांत उरके. त्या बाईच्या वाट्याला उणेपणा येई, तो क्रूरच होता. पण तिचा संसार उभा राही आणि मुलांना बापाचे नाव मिळे. सह्याद्रीच्या आदिवासी पाड्यांवर दोघांनी आधी संसार मांडावा आणि लग्नाचा खर्च झेपेल तेव्हा, कधी मुले कडेवर घेऊन, सामुदायिक सोहळ्यात हळद लावून घ्यावी, हेही घडत आले आहे. त्यांना कुणी अनीतिमान म्हणायला गेले नाही, कारण आपल्या लेखी ते मोजण्याइतके मोठे नव्हते. आपण शेतकरी जातींनी हातात चार पैसे आल्यावर वरच्यांचे अनुकरण केले, पाट सोडला, विधवेला कोपऱ्यात बसवले आणि त्याला कुलीनपणा म्हटले. जी गोष्ट दोन-तीन पिढ्यांपूर्वी उचलली ती सनातन म्हणून मुलांच्या डोक्यावर ठेवली.

जुन्नर तालुक्याच्या इतिहासात तर एक पान असे आहे की ते आपण तोंडपाठ करायला हवे होते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीचे पहिले लग्न पुण्यात 25 डिसेंबर 1873 रोजी लागले. पुढे 1884 च्या सुमारास ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी पुरोहिताला न बोलावता आपल्या घरचे कार्य केले, तेव्हा ग्रामजोशांनी त्यांच्यावर दावा गुदरला. आमच्याशिवाय लग्न लावलेत, आमचा हक्क बुडवलात, दक्षिणा टाका, असा त्यांचा आग्रह होता. ओतूरच्या शेतकऱ्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, पण दोन माणसांच्या मीलनावर तिसऱ्याचे वतन त्यांनी मानले नाही. जोतीरावांनी 1887 साली लग्नविधीची जी पुस्तिका काढली तिच्यात वधू मुकी उभी राहत नाही. ती स्त्रियांचे हक्क मागते आणि वर ते देण्याची शपथ घेतो. आज जोतीरावांची तसबीर प्रत्येक ग्रामपंचायतीत आहे आणि तिच्याखाली बसूनच आपण ग्रामजोशाची जागा भावकीला देऊन टाकली आहे. आम्हाला विचारल्याशिवाय कसे केले? आमचा मान कुठे गेला? हक्क बुडाल्याची तक्रार तीच आहे, तक्रारदार तेवढे बदलले.

आता ज्या लग्नाला आपण पवित्र म्हणतो ते आपण कसे लावतो, हेही जवळून पाहू. बैठकीला पाचपन्नास माणसे जमतात. मुलाकडचा वडीलधारा हात जोडून म्हणतो, 'आमचं काही मागणं नाही पाव्हणं, मुलगी अन्‌ नारळ द्या.' थोडा वेळ सगळे गप्प बसतात. मग दुसरा कुणी म्हणतो, 'तुमच्या लेकीच्या हौसेनं जे घालाल ते तिचंच.' या हौसेत मग तोळे निघतात, गाडी निघते, कार्यालय कोणते ते निघते, मानपानाच्या टोप्या-टॉवेलांची यादी निघते. ज्या मुलीचा हा व्यवहार चालू आहे ती आतल्या खोलीत चहाच्या कपांचा ट्रे तयार करत असते. 1961 पासून हुंडा हा गुन्हा आहे, आणि बैठकीला बसलेल्यांत पोलीस पाटीलही असतात. लग्नाच्या दिवशी महामार्गावरच्या कार्यालयात मुहूर्त टळून तासभर होतो तरी अंतरपाट धरला जात नाही, कारण आमदार अजून दुसऱ्या लग्नात आहेत. माइकवरून आजी-माजींची नावे घेतली जातात आणि नवरी शालू सावरत, घामाने पुसट होत चाललेल्या कुंकवानिशी उभी असते. दारात रिबीन बांधलेली गाडी सगळ्यांना दिसेल अशी लावलेली असते. या साऱ्यासाठी बापाने पतसंस्थेत काय गहाण टाकले, हे पंगतीत बसलेल्या निम्म्या लोकांना माहीत असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाल्याचे दिसले. म्हणजे दर पाचांत एकीहून जास्त. त्या अल्पवयीन मुलींच्या डोक्यावर अक्षता टाकणाऱ्या हातांना कुणी अनीतीचे म्हटले नाही.

दोन मृत्यू शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतील, कितीही जड गेले तरी. 2022 साली वसईची एक तरुणी दिल्लीत मारली गेली. ज्याच्याबरोबर ती लग्नाशिवाय राहत होती त्याच्यावर खुनाचा आरोप आहे. आपल्या गावांत तेव्हा काय बोलले गेले ते आठवा. आईबापाचे ऐकले नाही, त्याचे हे फळ. मे 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात एका सुनेचा सासरी मृत्यू झाला. तिचे लग्न रीतसर झाले होते, पुढाऱ्यांच्या उपस्थितीत झाले होते. एक्कावन्न तोळे सोने आणि फॉर्च्युनर गाडी दिल्याचे माहेरच्यांनी सांगितले. ते प्रकरण न्यायालयात आहे. आपण हळहळलो, हुंड्याला नावे ठेवली, लग्नाच्या खर्चाला आळा घालण्यासाठी बैठका घेतल्या. पण 'लग्न केले, त्याचे हे फळ' असे कुणाच्याही तोंडून निघाले नाही, आणि निघायलाही नको होते. मग पहिलीच्या वेळी तो न्याय कुठे गेला? एकीच्या मरणात आपल्याला मारणारा दिसला, दुसरीच्या मरणात तिची चूक दिसली. दोघींचा जीव आपल्या लेखी सारखा नव्हता, एवढाच याचा अर्थ होतो.

वसईच्या त्या मुलीने 2020 साली मारहाणीची तक्रार पोलिसांत दिली होती आणि नंतर ती मागे घेतली. हे वाक्य आपण बातमीत वाचले आणि पुढच्या बातमीकडे वळलो. तिच्या मनात काय होते ते आता कुणालाच सांगता येणार नाही. परंतु तिच्यासारखी मुलगी जेव्हा मार खाते तेव्हा तिच्यापुढे कोणत्या वाटा असतात, हे आपण नक्की सांगू शकतो, कारण त्या वाटा आपणच बंद केलेल्या आहेत. लग्नाच्या बायकोला निदान माहेरी येऊन चार दिवस रडता येते. तिच्यासाठी मामा-काका सासरी जाऊन दोन शब्द सुनावतात. लग्नाशिवाय राहणारीला तेवढेही नाही. ती आम्हाला मेली, असे आपण पंचांसमोर सांगून मोकळे होतो. तिच्या जोडीदाराला हे पक्के ठाऊक असते. ती कुठे जाणार, हे त्याचे सर्वांत मोठे बळ, आणि ते बळ त्याला आपण पुरवतो. लग्नाचे आमिष दाखवून दोन-चार वर्षे बरोबर राहणारे, मूल नको म्हणून तिला एकटीला दवाखान्यात पाठवणारे, आणि घरून स्थळ येताच हुंड्यासकट बोहल्यावर चढणारे तरुणही आपल्याच गावांत आहेत. अशा मुलाच्या वरातीत आपण नाचतो. 'पोरानं जवानीत केली थोडी मौज,' असे हसून म्हणतो आणि त्या मुलीच्या गावाला मात्र आतून निरोप धाडतो, की जपून सोयरीक करा. लग्नाशिवायचे सहजीवन सगळे निर्मळच असते, असे मी म्हणत नाही. बंधन नको म्हणणाऱ्या पुष्कळ पुरुषांना जबाबदारीच नको असते. तरीही तिथला जो दुबळा आहे त्याला आपल्या बहिष्काराने आधार मिळत नाही. तो आणखी एकटा पडतो.

कायद्याला हे आपल्या आधी कळले. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहासारख्या संबंधात राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण दिले. सज्ञान स्त्री-पुरुषांनी एकत्र राहणे हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितले. त्याआधी 2008 च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने, पुरेसा काळ पत्नीसारखी राहिलेल्या स्त्रीला पोटगीपुरता पत्नीचा दर्जा द्यावा, असा प्रस्ताव मान्य केला होता. तो वाचून संस्कृतीच्या काळजीने व्याकूळ झालेल्यांना एक गोष्ट दिसली नाही: शहरातल्या नोकरदार जोडप्यापेक्षा त्या प्रस्तावाची गरज मळ्यातल्या त्या दुसऱ्या बाईला अधिक होती.

आळेफाट्याजवळ आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले तोच हा रेडा, अशी श्रद्धा आहे, आणि आपण सारे तिथे नारळ वाहायला जातो. त्या कथेत रेड्यावर ही वेळ आलीच का, हे मात्र आपण विसरतो. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन पुन्हा संसारात आले. समाजाच्या लेखी तो संसार नियमाबाहेरचा ठरला. परंपरा सांगते की आळंदीच्या धर्मशास्त्र्यांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि आईबापांनी ते घेतले, या आशेने की निदान मुलांना जवळ केले जाईल. तरीही चार पोरक्या लेकरांना, संन्याशाची पोरे म्हणून, शुद्धिपत्र मागत पैठणला जावे लागले. त्या आळंदीत त्या दिवशी आपण असतो तर कोणत्या बाजूला उभे राहिलो असतो? खरे उत्तर देण्याचे धैर्य असेल तर ते एकच आहे, कारण आजही लग्नाशिवाय झालेल्या मुलाकडे आपण त्याच नजरेने पाहतो. आईबापांच्या निर्णयाची शिक्षा लेकराला देणारे आळंदीचे लोक आपल्याला कथेत निष्ठुर वाटतात. त्याच लेकरांच्या पालखीपुढे आपण पायी चालतो, आणि परत आल्यावर गल्लीतल्या एखाद्या पोराला आपल्या मुलांत खेळू देत नाही.

आणि एवढे करून आपण त्या जोडप्यांना म्हणतो, लग्न करा. करू देतो का आपण? मुलगा दुसऱ्या जातीचा निघाला की आपल्या तोंडचे पाणी पळते. धर्म वेगळा असला तर बोलायलाच नको. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करायची तर तीस दिवसांची नोटीस लागते. नावे-पत्ते फलकावर झळकतात, आणि ती वाचून घरच्यांना फोन करणारे स्वयंसेवक आपल्यातच तयार झालेले आहेत. डिसेंबर 2022 मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवायला समिती नेमली. आधी आंतरजातीय विवाहही तिच्या कक्षेत घातले होते, टीका झाल्यावर ते वगळले. शेजारच्या जिल्ह्यात सोनईला 2013 च्या पहिल्याच दिवशी एका प्रेमप्रकरणापायी तीन दलित तरुणांची हत्या झाली. अशा प्रदेशात एखादे जोडपे लग्नाची नोटीस लावण्याऐवजी गुपचूप खोली भाड्याने घेते, तेव्हा त्याला स्वैराचार म्हणण्याआधी आपण दाराबाहेर काय घेऊन उभे आहोत ते पाहावे. दुसरीकडे आपलीच शेतकरी मुले पस्तिशी गाठूनही बिनलग्नाची आहेत; 2022 च्या अखेरीस सोलापूरला अशा तरुणांनी बाशिंग बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. मुली गर्भातच कमी केल्या, उरलेल्यांना शेती नको झाली, आणि जातीच्या कुंपणाबाहेर हात पुढे करायला आपण तयार नाही.

यातले काहीही अटळ नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद केले. पंधरा दिवसांत सरकारला परिपत्रक काढून साऱ्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता सांगावा लागला. सामाजिक बहिष्कार हा तर 2017 पासून महाराष्ट्रात गुन्हाच आहे. 1 मे च्या ग्रामसभेत पाणीपट्टी आणि रस्त्यांच्या जोडीला आणखी एक विषय घेता येईल: या गावची कोणतीही लेक, लग्न झालेली असो वा नसो, जात पाहून गेलेली असो वा न पाहता, मारहाणीला कंटाळून परत आली तर तिला आणि तिच्या लेकराला ठेवून घेणाऱ्या घराशी कुणी सोयरीक मोडणार नाही, पंगत तोडणार नाही. असा ठराव मांडायला सरपंच असावे लागत नाही. मतदार यादीत नाव असलेला कुणीही उठून बोलू शकतो. इतिवृत्तात सूचक म्हणून नाव कुणाचे लिहायचे आणि अनुमोदक म्हणून कुणाचे, तेवढे त्या दिवसापर्यंत ठरवावे लागेल.